तात्यांनी केलेली अदलाबदल

"दसरा झाला की तू नागझऱ्याला जायचंस," तात्या म्हणाले आणि त्यांनी आमटीचा भुरका मारला.

जयूदादाचा घास हातातच राहिला. मी चुलीपाशी भाकरी थापत होते, माझाही हात थांबला. आई तेवढी वाढत राहिली, कारण तिला वाटलं, दुकानाचं काही सामान आणायला पाठवत असतील.

"कशाला?" दादानं विचारलं.

"खेळायला. तिकडचा निवास इकडं येतोय, तू तिकडं. कमिटीचं ठरलंय."

"कमिटीचं म्हणजे तुमचंच की."

"माझंच म्हण," तात्या म्हणाले. "शालन, भाकरी करपायला लागली बघ."

संपलं. पोटच्या पोराला दुसऱ्या गावाला देऊन टाकलं आणि वर भाकरीची काळजी. मला असा संताप आला की उलथनं फेकून मारावं. पण तात्यांपुढं आवाज चढवायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती.

आमचं हिवरणे म्हणजे कबड्डीचं वेड लागलेलं गाव. तात्या तिथल्या मंडळाचे चिटणीस. पोटापाण्याला सायकलचं दुकान होतं, पण जीव सगळा मंडळात. एके काळी स्वतः तालुका गाजवलेला माणूस. आमच्या भागात तेव्हा एक रीत होती. दसऱ्याला दोन गावांची मंडळं आपसात एकेक खेळाडू बदलून घ्यायची, वर्षभरासाठी. ज्या घरचा पोरगा गेला, त्याच घरी आलेला पोरगा राहायचा. त्याच अंथरुणावर झोपायचा, त्याच ताटात जेवायचा. वर्षानं ज्यानं त्यानं ठरवायचं, परत जायचं की तिथंच खेळायचं.

आणि या अदलाबदलीवरून लोक मंडळाच्या कारभाऱ्यांची अक्कल मोजायचे. सामने काय, आज जिंकाल, उद्या हराल. पण कुणाला दिलं आणि कुणाला घेतलं, यात माणूस उघडा पडतो, असं एसटी स्टँडवरच्या पांडूच्या हॉटेलात बसणारे सगळे म्हणायचे. तात्यांचं नाव तिथं देवासारखं घेत. त्यांनी शिवा गुरवाला येळूरला दिलं तेव्हा गावानं शिव्या घातल्या, आणि संक्रांतीच्या आत शिवाचा गुडघा गेला. त्याच्या बदल्यात आलेला काळा, काटकुळा पोरगा पुढं जिल्ह्याचा कप्तान झाला. असं एकदा नाही, दर खेपेला. मग पांडूच्या हॉटेलात एक बोलणंच पडलं, "तात्या कामाचा माणूस देत नाही."

जयूदादा तिथंच कपबशा वाजवत, ते बोलणं ऐकत मोठा झाला होता. बापाचं कौतुक चाललंय म्हणून छाती फुगवून घरी यायचा आणि मला नक्कल करून दाखवायचा. आता तेच बोलणं त्याच्या कपाळी आलं.

कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण गावाचं न बोलणंसुद्धा ऐकू येतंच की. दादाच्या चढाईत आता वेग राहिला नाही, त्याचा दम कमी पडतो, बापालाच आधी दिसलं असणार, पोटच्या पोरालाही सोडलं नाही, काय माणूस आहे! वर तात्यांचंच कौतुक. मी विहिरीवर पाणी भरायला गेले की बायका माझ्याकडं अशा बघायच्या, जणू आमच्या घरात कुणी आजारी आहे.

जायच्या दिवशी दादानं आईच्या पाया पडून पिशवी उचलली. तात्या उंबऱ्यात उभे होते. दादा त्यांच्यासमोर थांबला.

"तात्या, एकच विचारतो. माझा खेळ संपला का?"

मला वाटलं, आता तरी बोलतील. एक शब्द. पोराच्या डोळ्यांत सगळा जीव गोळा झाला होता.

तात्या म्हणाले, "नागझऱ्याची एसटी सुटंल. पळ."

दादा पळाला नाही. सावकाश चालत गेला, मागं वळून न बघता. आई पदरात तोंड घालून आत गेली. मी तात्यांशी बोलणंच टाकलं, त्यांच्या ताटात आमटी वाढायची ती भिंतीकडं बघून.

संध्याकाळी निवास आला. उंच, लाजाळू, बोलताना पायाच्या अंगठ्याकडं बघणारा. नागझऱ्याचा डावा कोपरा म्हणून त्याचं मोठं नाव होतं. चढाईवाल्याचा घोटा एकदा धरला की सुटला नाही म्हणे. गावात पेढे वाटले होते. आमच्या घरी मात्र त्याचं स्वागत काय होणार? मी दादाचं ताट त्याच्यापुढं आदळलं. निवासनं एकदा ताटाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि हात मागं घेतला.

"तात्या, मला आधी एक सांगायचंय," तो म्हणाला. "तुमची फसगत झालीय. माझा डावा खांदा उतरतो. दोनदा उतरून बसवलाय. हात वर जात नाही. आमच्या लोकांनी तुम्हाला सांगितलं नसणार. मला हे खोटं खपत नाही. उद्याच्या गाडीनं मी परत जातो, तुम्ही तुमच्या पोराला बोलवून घ्या."

आईच्या हातातली पळी पातेल्यात पडली. माझ्या तर मनात उकळ्या फुटल्या. तात्या फसले! आता दादा परत येणार!

तात्यांनी कांदा फोडला. त्याची एक फोड निवासच्या ताटात ठेवली.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "जेव."

निवास बघतच राहिला. मी तर उठून उभीच राहिले.

"ठाऊक आहे म्हणजे? तात्या, ठाऊक असून तुम्ही..."

"तुला काय करायचंय? आणि हे या चार भिंतींबाहेर गेलं तर माझ्याशी गाठ आहे. दोघांनाही सांगतोय."

त्या वर्षी मी तात्यांकडं बघून बघून डोकं शिणवलं. ज्या माणसानं जन्मात कधी वाईट अदलाबदल केली नाही, त्यानं चांगला पाय देऊन तुटका खांदा घेतला, आणि तेही माहीत असून? मंडळाचा घात झाला तो झालाच, शिवाय पोराच्या काळजाला घरं पाडली. का? विचारलं की एकच उत्तर, "चुलीकडं बघ."

निवास कसाबसा खेळायचा. उजव्या हातावर भागवायचा, अंग आडवं घालून अडवायचा. आठवडे गेले तशी पांडूच्या हॉटेलात कुजबुज सुरू झाली. "तात्या या खेपेला फसले की काय?" "पोराच्या नादात चुकले म्हातारे." निवास ते ऐकून यायचा आणि मान खाली घालून जेवायचा. आईनं एव्हाना त्याला लेकासारखं धरलं होतं. खांद्याला रोज तिळाचं तेल चोळायची. मलाही त्याचा राग धरवेना. खरं सांगायचं तर राग केव्हाच गेला होता, आणि दुसरंच काहीतरी होऊन बसलं होतं. पण ते असो.

दादा मात्र तिकडं वाघासारखा खेळत होता. नागझऱ्याच्या सूतगिरणीत त्याला घेतलं होतं, मंडळाचा खेळाडू म्हणून. पहिल्यापासून त्याचं एक होतं, "नोकरी लागली तर माझ्या खेळावर लागंल. बापाच्या तोंडाकडं बघून दिलेली मला नको." लागली खेळावर. सगळं गाव ऐकत होतं. पण तो स्वतः ना दिवाळीला आला ना संक्रांतीला.

मला एकच हवं होतं. त्यानं घरी यावं. आपल्या ताटात जेवावं.

तो आला तो यात्रेच्या सामन्याला. नागझरे विरुद्ध हिवरणे, आमच्याच शाळेच्या मैदानावर. सामन्याआधी मी त्याला पाण्याच्या टाकीमागं गाठलं. खांदे रुंद झाले होते, चेहरा मात्र लाकडासारखा.

"दादा, घरी चल ना रे. आई सकाळपासून दारात उभी आहे."

"आईला सांग, तिच्या माहेरच्या यात्रेला भेटतो. त्या घरात नाही."

"तू समजतोस तसं नाही ते! निवासचा खांदा तुटका आहे. आधीपासून. तात्यांना माहीत होतं, माझ्यासमोर म्हणाले ते. माहीत असून घेतलंय. का, ते मला सांगत नाहीत, पण तू टाकाऊ आहेस म्हणून नाही, एवढं मला कळतं!"

दादा हसला. असलं वाईट हसणं मी त्याचं कधी ऐकलं नव्हतं.

"तुटका माणूस तात्या घेतील? आमचे तात्या? शाले, लहानपणी तुझी बाहुली मोडली की मी तुला असल्याच थापा मारायचो."

"देवाशपथ सांगते! त्याच्या कोपऱ्यात जाऊन बघ. त्याचा डावा हात वर येत नाही. खरं की खोटं, तूच बघ."

त्यानं माझ्याकडं बघितलं. क्षणभर त्याच्या डोळ्यांत तोच जुना दादा आला, एसटीला निघताना बापासमोर थांबलेला. त्यालाही हवंच होतं हो हे खरं निघायला!

"बघतो," तो म्हणाला.

सामना रंगला. दादा चढाईला आला की गर्दी गप्प व्हायची. गडी टिपून परत जायचा. तात्या टेबलामागं बसले होते, चिटणीस म्हणून. त्यांचं लक्ष गुणांकडं नव्हतं, दादाच्या पायांकडं होतं. मी तेवढं नीट बघितलं.

शेवटची चढाई राहिली आणि गुण बरोबरीत आले. दादा मध्यरेषेला हात लावून आत शिरला. दुसऱ्या कुणाकडं बघितलंसुद्धा नाही, तडक डाव्या कोपऱ्यात निवासच्या समोर गेला. आणि असा पाय पुढं केला की नवशिक्यालाही कळावं, हा मुद्दाम दिलेला पाय आहे. घे, धर, बघू धरता येतंय का. मी पदराची गाठ मुठीत धरून उभी होते. निवास, धरू नकोस. बाबा रे, धरू नकोस.

पण निवासला काय ठाऊक? त्याला एवढंच ठाऊक होतं की ज्या घरानं वर्षभर पोटच्या पोरासारखं खाऊ घातलं, त्या घरच्या कर्त्याला गाव आज फसलेला म्हणतंय, आणि आपल्या हातात आज एक पकड आहे. खाल्ल्या मिठाला जागायचं, एवढंच त्या वेड्याच्या डोक्यात. त्यानं झेप घेतली. दोन्ही हातांनी घोटा धरला. दादानं हिसडा दिला, तशी निवासच्या खांद्यात काहीतरी कडाडलं. जवळच्यांनी ऐकलं म्हणतात. पण हात सुटला नाही. दादा मातीत तोंडघशी पडला. मध्यरेषा वीतभर राहिली आणि त्याचा दम तुटला.

मैदान फुटलं नुसतं. टोप्या उडाल्या. पांडू हॉटेलवाला टेबलापुढं नाचत ओरडला, "बघा! बघा तात्यांची अदलाबदल! तात्या कामाचा माणूस देत न्हाई!" आणि सगळं गाव ते ओरडायला लागलं. तालावर, टाळ्या पिटत.

दादा मातीत पडल्या पडल्या ते ऐकत होता.

मी तात्यांकडं बघितलं. सगळे त्यांच्या पाठीवर थापा मारत होते, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते उठले. "जयू," अशी हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, पण त्या गोंगाटात ती त्यांची त्यांनाही ऐकू आली नसेल. दादा उठला, गुडघ्यांची माती झटकली आणि सरळ नागझऱ्याच्या पोरांना घेऊन आलेल्या ट्रकमध्ये जाऊन बसला. जाताना माझ्याजवळून गेला.

"बघितलं," तो म्हणाला. बस, एवढंच.

निवासचा हात त्यानंतर कधीच छातीच्या वर गेला नाही. खेळ संपला. तात्यांनी त्याला नागझऱ्याला परत जाऊ दिलं नाही, दुकानात बसवला. पुढं आमचं लग्न झालं. मांडवात नवऱ्याचा कान पिळायला बायकोचा भाऊ लागतो, तेव्हा भटजींनी दोनदा हाक मारली. चुलतभाऊ पुढं झाला, तर तात्यांनी त्याला हातानं अडवलं. "ती जागा रिकामी राहू दे," म्हणाले. मला तेव्हा जे रडू आलं, ते सासरी जाण्याचं असेल असं बायकांना वाटलं. मी कुठं जाणार होते? सासर माझं चार घरं सोडून, निवासनं घेतलेल्या भाड्याच्या खोलीत.

मी दादाकडं किती निरोप धाडले, किती जणांकडून समजूत घातली. त्याचं उत्तर ठरलेलं. "ती पकड मी अंगावर घेतलीय. मला शिकवू नका." गिरणीत तो कायम झाला, पुढं जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम झाला, घर बांधलं, पोरं शिकवली. आईला तिच्या माहेरी भेटायचा. आमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. तात्या रोज दुपारी नागझऱ्याची एसटी येण्याच्या वेळेला दुकानाबाहेर खुर्ची काढून बसायचे. गाडी निघून गेली की खुर्ची आत.

त्या खुर्चीवरच ते गेले.

दादा आला. अंगणातच थांबला, ओल्या कपड्यांनी मडकं हातात घेतलं आणि तिरडीपुढं चालू लागला. डोळे कोरडे. मी बायकांबरोबर विसाव्यापर्यंत गेले. आमच्याकडं बायका तिथून परत फिरतात. विसावा म्हणजे शाळेच्या मैदानाच्या कडेचा दगडी ओटा. तिथं तिरडी खाली टेकवतात आणि खांदेकरी बाजू बदलतात. उजव्या खांद्यावर घेतलेल्यानं डाव्यावर घ्यायची.

निवासनं पुढं उजवा खांदा दिला होता. बाजू बदलून पुन्हा उचलायची वेळ आली तसा तो गोंधळला. डावा हात उचलायला गेला, तो छातीशीच अडला. तिरडी कलंडली. लोक ओरडले, कुणीतरी सावरून पुन्हा ओट्यावर टेकवली.

"हात वर घे की!" दादा ओरडला. इतक्या वर्षांत त्याच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

"जात नाही वर," निवास म्हणाला.

"मला धरताना गेला ना? मग तेव्हाच सोडायचा होतास पाय."

"तेव्हा नाही गेला. आधीच गेलेला होता. तुमच्या घरी आलो त्याच्या आधी. मी पहिल्याच दिवशी सांगितलं तात्यांना."

"ह्या नवराबायकोची तीच थाप," दादा म्हणाला, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

"थाप न्हाई ती, जयसिंग."

मागून एक म्हातारा काठी टेकत पुढं आला. नागझऱ्याच्या मंडळाचे जुने चिटणीस, अण्णा. मयताला म्हणून आले होते. धाप लागली होती, तोंडाला फडकं लावून बोलत होते.

"आता हा गेला, माझ्या गळ्याची शपथ सुटली. मीच सांगितलं होतं त्याला, निवासचा खांदा गेलाय, घेऊ नको, तुझं नाव जाईल. तर हा माझ्या दारात उभा राहिला, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. हा, तात्या! म्हणाला, अण्णा, फुटका माल दे, पण माझ्या पोराला घे. तुमची गिरणी खेळाडूंना कायम करते. आमच्या गावात खेळ संपला की पोराच्या हाती पंक्चरची पाटी येते, माझ्या आली तशी. मी म्हटलं, मग पोराला सांग की तसं. तर म्हणाला, त्याला कळलं की बापानं तोंड वेंगाडून नोकरी मिळवली, तर लाथ मारून परत येईल. त्याला वाटू दे, बापानं टाकलं. रागानं खेळंल. टिकंल."

पांडू हॉटेलवाला, आता पार म्हातारा झालेला, गर्दीतच होता. त्यानं मान खाली घातली.

दादानं हातातलं मडकं ओट्यावर टेकवलं. "म्हणजे नोकरी..." तो म्हणाला आणि थांबला. जन्मभर ताठ मानेनं सांगितलेली एकच गोष्ट होती त्याची, मी माझ्या खेळावर मिळवलं. आणि जन्मभर उराशी धरलेलं एकच दुःख होतं. दोन्ही एकाच वेळी गेली. तो तिरडीशी वाकला. बापाच्या तोंडावरचा गुलाल बाजूला करत बघत राहिला, जणू अजून काही सांगतील.

"चला, ऊन चढतंय," कुणीतरी म्हणालं.

"दाजी, तुम्ही उजव्याच खांद्यावर घ्या," दादा निवासला म्हणाला. "आज कुणी बाजू बदलायची नाही."

आम्ही बायका परत फिरलो.

दुपारी माणसं स्मशानातून आली. शेजारणीनं कडू घासाचं पिठलं-भाकरी आणली होती. दादा उंबऱ्यापाशी घुटमळला. आईनं पाट मांडला. तो आत आला आणि पाटावर बसला. मी फडताळातून त्याचं ताट काढलं. इतकी वर्षं दुकानातून दुपारी आला की निवास त्यातच जेवायचा, कड चेपली होती. त्यानं ती चेपलेली जागा बोटानं चाचपली.

घास तोंडापर्यंत जाईना.

"शाले, निवासनं खांद्याचं सांगितलं, तेव्हा तात्या काय म्हणाले होते?"

"म्हणाले, ठाऊक आहे. जेव."

दादानं मान हलवली. डोळ्यांतून आता धारा लागल्या होत्या, पिठल्यात पडत होत्या.

"त्याला निदान तेवढं तरी म्हणाले," तो म्हणाला.

आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जेव," ती म्हणाली. पण तो आवाज तिचा होता, तात्यांचा नव्हता. आणि दादा ताटावर वाकून लहान पोरासारखा रडत राहिला.